सायकलवरून उतरायचा नियम

अप्पा, आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता भांडून काय उपयोग हे मलाही कळतं. पण घरात ज्याच्याशी भांडावं तो माणूस रविवारचं जेवून आडवा झाला आहे आणि मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून अभ्यासाचं नाटक करते आहे. उरलात तुम्ही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. तर ऐका. एकोणपन्नासाव्या वर्षी तुमची मुलगी सायकलवरून कामाला जायला लागली आहे. हौस म्हणून नाही, वजन उतरवायला तर मुळीच नाही. मोहोपाड्याला एका डॉक्टरांकडे मी औषधं द्यायला असते. दवाखान्याची चावी माझ्याकडे, आणि दार नऊला उघडायचं. आमच्या गावापासून पाच किलोमीटर. फाट्यावरची शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस टेकल्याशिवाय ती भरली असं त्याला वाटत नाही. हे साडेसहालाच मोटारसायकल घेऊन कंपनीत जातात. स्कूटीवरून मुलगी मला सोडायची, पण तिचं कॉलेज लवकरचं झालं तसं तेही बंद. राहिली पडवीतली तिची शाळेतली सायकल, पुढे टोपली असलेली, गुलाबी.

चार महिने मी त्या सायकलकडे ढुंकून पाहिलं नाही. गुडघे दुखतात, ओढणी चाकात जाईल, रसायनीच्या कारखान्यांचे टँकर अंगावर येतात, अशी कारणं मी जमवून ठेवली होती. खरं कारण लोक. जमिनी विकून झाल्यापासून आमच्या गावात दारोदारी मोठ्या गाड्या आल्यात. गाडी लावायला जागा नाही म्हणून एकाने गोठा पाडला. अशा गावात सायकलवर दिसणारा माणूस म्हणजे एकतर बांधकामावरचा गवंडी, नाहीतर ज्याच्या घरात काहीतरी बिनसलं आहे असा. पण डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, पेशंट पायरीवर बसून असतात. जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून मी दुसरं कोणी बघतो." तेरा वर्षं झाली मला तिथे. घराबाहेर माझं म्हणून जे काही आहे ते तेवढंच. मग काढली सायकल.

गावाच्या वरच्या अंगाला बंगल्यांची स्कीम झाली आहे. पूर्वी तिथे भाताची खाचरं होती. आता सिमेंटचे रस्ते, दिवे, फलक, सगळं आहे, बंगला एकही नाही. तिथे शिकले. मुलगी मागून कॅरियर धरायची. वॉचमन ह्यांच्या वर्गातला. तो खुर्ची रस्त्याच्या कडेला आणून बसायचा. "वयनी, पडायचं तं तिकडं पडा, हितं पाण्याचा पाइप हाय." तीन आठवड्यांत चालवता आली. चढता मात्र आलं नाही. मला अजूनही एक पाय कशावर तरी उंच टेकवल्याशिवाय सायकलवर बसता येत नाही. ओढ्यावरच्या मोरीचा कठडा लागतो, मैलाचा दगड लागतो, काहीच नाही तर कुणाचा तरी ओटा. एकदा बसले की मी चांगली जाते. उतरले की संपलं. आणि नेमके इथेच तुम्ही आडवे आलात.

मी आठ-नऊ वर्षांची आहे. तुमच्या मागे कॅरियरवर बसले आहे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. मला दहिवलीला शाळेत सोडून तुम्ही पुढे कर्जतला भाताच्या गिरणीत जाणार आहात. समोरून कुणी म्हातारा येतो. तुम्ही ब्रेक दाबता, खाली उतरता, "राम राम" करता, तो मागे जाईपर्यंत सायकल हातात धरून चालता आणि मग पुन्हा टांग मारता. तुम्ही उतरलात की मीही उडी मारायची, तुम्ही चढलात की धावत येऊन बसायचं. शंभर पावलांवर पुढचा म्हातारा. "म्हाताऱ्या मानसापेक्षा उंच बसून जायचं नाय," हा तुमचा नियम. बाकीचे लोक देवळापुढे उतरायचे, फार तर प्रेतयात्रा आली तर उतरायचे. तुमच्याएवढं कुणी पाळत नव्हतं. एकदा मी कंटाळले आणि उडी मारलीच नाही. समोर तो नांगर दुरुस्त करणारा एका डोळ्याचा आजोबा होता. तुम्ही वळून म्हणालात, "बूड चिकटलं काय गं तुजं? उतर!" आणि उरलेला सगळा रस्ता मला सायकलच्या बाजूने चालवलंत. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती आणि बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं.

सुट्टीत एकदा मी तुमच्याबरोबर गिरणीत आले होते. शेठ दारातच उभे. "उगवलात का? भात काय आपलं आपण चालत येऊन भरडून घेणार?" तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात. मला एवढा राग आला होता. वाटेत नऊ म्हातारे भेटले असं तुम्ही सांगू शकला असतात, मी मोजले होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, सदरा काढून खुंटीला लावलात आणि कामाला लागलात. आठवीत मी सायकल मागितली तेव्हा मात्र तुम्हाला शब्द सुचले. "पोरीच्या जातीला रस्त्यात सतरांदा चढायला-उतरायला लावू काय? नाय जमायचं." दादाला आणलीत. हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे, नवऱ्याला, मुलीला, दवाखान्यात ताटकळणाऱ्या बायकांनासुद्धा. आमच्या अप्पांनी मला सायकल शिकू दिली नाही. सांगताना बरं वाटतं.

आता माझा रस्ता ऐका. नळाला पाणी आठपर्यंत असतं, ते भरल्याशिवाय घर सोडता येत नाही. घरातून निघाले की नाक्याच्या चढावर टपरीपुढे चुलत सासरे बसलेले असतात. मी उतरते. विचार करून नाही, हात आपोआप ब्रेकवर जातो. तिथून सायकल ढकलत मोरीपर्यंत जायचं, कठड्यावर पाय टेकून चढायचं, की पुढे गावातले रिटायर गुरुजी फिरून परत येताना भेटतात. उतरते. मग मैलाच्या दगडापर्यंत चालायचं. दगडावरून चढावं तर देवाला फुलं नेणारी आजी नेमकी दगडाच्या पुढे. पाच किलोमीटरला सव्वा तास! अप्पा, मी चालत गेले असते तर लवकर पोचले असते, आणि घामही कमी आला असता. मोटारसायकलवाली पोरं थांबून विचारायची, "काकी, पंक्चर काय?" घरी हे वैतागलेले. "मला कंपनीत इचारतात, बायकोला सायकलवर धाडतोस, आन तीबी ढकलत जाते?" डॉक्टर घड्याळाकडे बघत. मी दिवसभर चिडलेली असायची आणि कुणावर चिडायचं ते कळायचं नाही, म्हणून तुमच्यावर चिडायचे. चुलत सासरे तेवढे रोज बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, दिलेला मान एका तरी माणसाला पोचला.

गेल्या गुरुवारी दवाखान्यात हाडांचे डॉक्टर यायचे होते. आमचे डॉक्टर आदल्या दिवशी एवढंच म्हणाले, "उद्या नऊ म्हणजे नऊ. उशीर झाला तर घरी जाताना चावी ठेवून जा." आणि नेमकं त्याच दिवशी पाणी उशिरा आलं. मी निघाले तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते. नाक्यावर चुलत सासरे चक्क रस्त्यात उभे, हातात चहाचा ग्लास, टपरीवाल्याशी काहीतरी वाद घालत होते. माझा हात ब्रेकवर गेला. खरंच गेला. पण इथे उतरले तर आज चावी ठेवायची, एवढंच डोक्यात आलं आणि मी ब्रेक सोडला. वर घंटी वाजवली. "मामंजी, बाजूला व्हा!" म्हणून ओरडले. सासरच्या माणसापुढे एवढा आवाज मी तेवीस वर्षांत काढला नव्हता. ते दचकून मागे सरले, चहा लुंगीवर सांडला. मी वळूनही पाहिलं नाही. गुरुजींना नुसती मान हलवून पुढे, आजीला "येते गं" म्हणून पुढे. बाजूने टँकर गेला तेव्हा डोळे गच्च मिटावेसे वाटले, मिटले नाहीत. नऊला दहा कमी असताना मी कुलूप काढलं.  लगेच केसपेपर लिहायला घेतले.

संध्याकाळी परतताना नाका जवळ आला. आता चार लोकांत माझा उद्धार होणार. मी लांबूनच उतरले, डोक्यावर ओढणी घेतली. चुलत सासरे टपरीवरून उठून माझ्याकडे आले.

"मामंजी, सकाळी चुकलं माझं."

"काय चुकलं?" ते म्हणाले. "बेस चालवतेस की गं! रोज हितं उतरायचीस, मला वाटायचं तुला यो चढच झेपत नाय. म्हटलं, बिचारीला दम लागतो, कशाला इचारून लाजवायचं."

दीड महिना, अप्पा! दीड महिना मी त्या माणसाला मान देत होते आणि तो माझी कीव करत होता. माझं डोकंच फिरलं. हसावं की सायकल तिथेच टाकून द्यावी कळेना. घरी येऊन भाकऱ्या थापताना वाटलं, तुमच्या त्या नऊ म्हाताऱ्यांना तरी कळत होतं का, तुम्ही का उतरता ते? की तेही म्हणायचे, बिचाऱ्याची सायकल जुनी आहे? त्यांच्यापायी तुम्ही शेठचं बोलणं खाल्लंत. तुमचा राग आला, आणि तुमच्यासाठी फार वाईटही वाटलं. आता मी कुणासाठी उतरत नाही. उद्या तुम्ही समोरून आलात तरी उतरणार नाही, हेच तुम्हाला ठणकावून सांगायला बसले होते.

पण तेवढ्यावर भागत नाही. काल मुलगी मैत्रिणींना सांगत होती, "आईच्या बाबांनी तिला शिकूच दिली नाही, म्हणून ती आता शिकली." मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं आणि कांदा चिरत राहिले. तुम्ही नाही म्हणालात, ते खरं. पण त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, भात झोडून झाल्यावर, तुम्ही रिकाम्या खळ्यात दादाची सायकल धरून उभे राहिलात आणि मला हाक मारलीत. "ये गं. मी धरतो मागनं." बघायला कुणी नव्हतं, आई आणि दादा पेंढा आणायला गेले होते. मी दारापर्यंत आले, सायकलकडे पाहिलं, "मला नको" म्हणाले आणि आत जाऊन भांडी घासायला बसले. मी रुसले आहे असं तुम्हाला वाटलं. तुम्ही बराच वेळ तसेच सायकल धरून उभे होतात, मला मोरीतून दिसत होतं. मी रुसले नव्हते, अप्पा. मला पडायची भीती वाटली होती. आणि हा कागद मुलीच्या हाती लागू नये म्हणून मी तो आता फाडणार आहे.