थांब, साडी बदलू दे

माय, तुझ्यासमोर कुणी रडायला लागलं की तू त्याच्या डोळ्यांकडे नाही, मानेकडे बघायचीस. मान खाली असेल तर पुढे होऊन पाठीवर हात ठेवायचीस. मान वळत असेल, कोण आलं कोण गेलं हे टिपत असेल, तर पदर सावरून गप्प बसून राहायचीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही तुझी संशयी नजर माझ्या अंगातून काही गेली नाही. तुझे दागिने दोन्ही वहिन्यांनी वाटून घेतले, माझ्या वाट्याला ही नजर आली. आता मी कॉलेजात मराठी शिकवते आणि जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पोरांच्या शॉर्टफिल्म निवडते. तुला कळावं म्हणून सांगते, शॉर्टफिल्म म्हणजे पाच-सात मिनिटांचा, मोबाईलवर काढलेला सिनेमा. तू तर तीन तासांच्या सिनेमात मध्यंतरालाच सांगायचीस, "हे बाई मरते पाहा आता," आणि ती मरायची.

धामणगाव बढेला तुझ्या मावशीचा नवरा वारला तेव्हा आपण भेटायला गेलो होतो. मी शाळेत होते. ओसरीवर त्यांचा मोठा जावई बसलाय. अंगणात चपलांचा आवाज झाला की तो हंबरडा फोडतो, आलेली मंडळी टेकली की गप्प होतो, पुन्हा चपला वाजल्या की पुन्हा सुरू. मावशी आत भिंतीला टेकून, अगदी कोरडी. तुला बघून ती एवढंच म्हणाली, "बस भेटली का वं बरोबर? पोरीनं काई खाल्लं का?" आणि इतका वेळ घट्ट बसलेली तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. परतीच्या एसटीत मी विचारलं, मावशी का नाही रडली? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तेच तं रडून राह्यली होती. जावई दाखवून राह्यला होता." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं, भूक लागली होती एवढं आठवतं.

त्याच सुमारास तू मला सहलीला पाठवत नव्हतीस म्हणून मी आरशासमोर उभी राहून रडत होते. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. तिथूनच म्हणालीस, "रडतानी आरशात काऊन पाहून राह्यली वं? बरोबर जमून राह्यलं का?" मी इतकी चिडले की रडायचंच विसरले. नंतर सहलीला पाठवलंस, वर नवा रुमालही दिलास, आणि देताना बजावलंस, "रडायले नाही, उलटीले हाये." माझ्यावर तुझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही धड सांगता येणार नाही.

तर यंदा आमच्याकडे पुण्याहून एक सर कार्यशाळा घ्यायला आले. विषय होता, परिणामकारक शॉर्टफिल्म कशी करावी. उजेड कुठून घ्यायचा, आवाज कसा धरायचा, हे त्यांनी छान शिकवलं, खोटं कशाला बोलू. पण मग म्हणाले, शेवटच्या मिनिटात प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर फिल्म फुकट गेली समजा. पोरांनी ते लगेच लिहून घेतलं. आमच्या पोरांचं बोलणं ऐकून तर सर हरखूनच गेले. "ही भाषा सोडू नका, मातीचा वास येतो हिला!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, आंघोळ करून आलो जी." सगळे हसले, सर हसले नाहीत. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

फिल्म आल्या. बहुतेकींत लोणारचं सरोवर वरून दिसत होतं आणि बासरी वाजत होती. बीबी गावच्या एका मुलीच्या फिल्मनं मात्र सगळ्या स्टाफला रडवलं. नाव होतं 'माय: एक संघर्ष'. धूर ओकणारी चूल, हातांवरच्या भेगा, फाटकी साडी, आणि शेवटी बाईच्या गालावरून ओघळणारा एकच थेंब. माझ्या शेजारच्या सरांनी चष्मा काढून पुसला. मी साडीकडे बघत होते. रोजची साडी आधी टाचेशी विरते, मग बसायच्या जागी. हिची मात्र नेमकी खांद्यावर फाटली होती, जिथे कॅमेरा पोचतो. शिवाय कोपऱ्यात टॉवेलनं झाकलेलं काहीतरी होतं, आणि त्याचा आकार हुबेहूब गॅसच्या सिलिंडरचा होता. सगळे नाकं ओढत असताना मी एकटी कोरडी बसले होते, आणि सगळ्यांना मी पाषाणहृदयी वाटले असणार.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं. "साडी कुणाची आहे?"

"मायची, मॅडम."

"आणि फाडली कुणी?"

ती टेबलाकडे बघत राहिली. "म्या. जुनीच होती पण ते."

"रडवलंस कसं?"

"कांदे चिरायले लावले." मग एकदम फणकाऱ्यानं म्हणाली, "ज्यूरीले तसंच लागते मॅडम. गॅसवर चहा करनारी माय दाखवली तं नंबर येईन का? तुमीच सांगा."

तिचं चुकत नव्हतं. मी विचारलं, "स्नेहसंमेलनात ही फिल्म सगळ्यांपुढे लागेल. माय येणार आहे?"

"येनारच. गल्लीतल्या बायांले घेऊन."

"काय दिसणार आहे ते तिला ठाऊक आहे?"

मुलीनं नाही म्हणून मान हलवली. जी साडी नेसून ती बाई दारापर्यंतसुद्धा आली नसती, ती नेसून ती भरल्या हॉलमध्ये, स्वतःच आणलेल्या शेजारणींच्या देखत रडताना दिसणार होती. आपल्या पोरीनं आपल्याला असं मांडलं, हे तिला तिथे सगळ्यांसोबत कळणार होतं. बाकी परिणाम वगैरे जाऊ दे, मला एवढीच एक भीती होती.

मी तिला टाकून दिलेलं सगळं चित्रण दाखवायला लावलं. अगदी पहिलं असं होतं. बाई गॅसवर चहा ठेवतेय. वळून बघते आणि दचकते. "चालू हाये का ते? थांब, साडी बदलू दे!" आणि निघून जाते. मागे राहतो नुसता ओटा आणि चहा. चहा वर चढतो, आणखी चढतो, उतू जातो. मोबाईल धरलेली पोरगी जागची हलत नाही, हसू दाबतेय, म्हणून चित्र थरथरतंय. मग बाई येते ती ठेवणीतली जांभळ्या काठाची साडी नेसून, घडीच्या रेषा तशाच उमटलेल्या. सांडलेलं फडक्यानं पुसते, उरलेला चहा कपात ओतते, कप बशीत ठेवते, आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोरीकडे बघून म्हणते, "घ्या ना तुमी. साखर चालते ना?" पोरीच्या हातात कॅमेरा आला, तर पोरगीच पाहुणी झाली! आपल्याकडे कॅमेऱ्याचं असंच आहे. भिंतीवरच्या तुझ्या फोटोतही तीच घडीची साडी आणि तोच अवघडलेला चेहरा आहे.

"हे काढून टाकलंस?"

"त्याच्यात काहीच नाही न मॅडम. रडणं नाही, संघर्ष नाही."

मी तिला धामणगावची गोष्ट सांगितली. चपला वाजल्यावर रडणारा जावई आणि बस मिळाली का विचारणारी मावशी, दोघंही सांगितली. तिला पटलं असं तोंडावरून दिसलं नाही. माझ्याकडे ती संशयानंच बघत होती, आणि त्याबद्दल ती मला जरा आवडलीच. आठवडाभरानं तिनं नवी फिल्म आणून दिली. बासरी नाही, कांदा नाही, फक्त तो चहा आणि ती साडी.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती बाई दुसऱ्या रांगेत बसली होती, तीच जांभळ्या काठाची साडी नेसून. पडद्यावर "साडी बदलू दे" झालं तशी पोरं खो खो हसली आणि मी चटकन बाईकडे पाहिलं. चहा चढायला लागला तेव्हा बाईच मोठ्यानं ओरडली, "अवं, गॅस बंद कर ना!" हॉलभर पुन्हा हशा. मग ती साडी नेसून पडद्यावर आली, कप पुढे केला, "घ्या ना तुमी" म्हणाली, आणि हॉल हळूहळू गप्प होत गेला. गप्प व्हा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शेजारणीनं बाईला कोपर मारलं, "मस्त दिसून राह्यली वं!" बाई पदर सारखा करत म्हणाली, "दिसन नाही तं काय." तिची पोरगी दाराशी उभी होती, आणि पडद्याकडे नाही, मायकडे बघत होती.

जिल्ह्याला फिल्मला नंबर मिळाला नाही. शेवट परिणामकारक नाही, असा शेरा आला. मुलगी बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "तुमचं ऐकलं मॅडम," एवढंच एकदा जिन्यात म्हणाली. मला ते लागलं. मी तिच्या मायची लाज राखली की स्वतःच्या मायचा हट्ट पुरवला, याचा मलाच संशय येतो. सरोवरावरून कॅमेरा फिरवणाऱ्यांपैकी एकाला बक्षीस मिळालं, आणि त्याची फिल्म वाईट नव्हती हेही सांगून टाकते.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. दाखवलं तर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. एक मात्र राहिलंय. त्या दिवशी "घ्या ना तुमी"ला मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी मान वळवून मागे पाहिलं. तुझ्या हिशेबानं माझं रडणं खोटंच ठरतं. पण माय, तू गेलीस त्या दिवशीही, तुझ्या उशाशी बसून रडताना, मी अशीच मान वळवली होती. बायांनी बघितलं असेल, नावंही ठेवली असतील. मी त्यांच्याकडे बघत नव्हते गं. तू कुठे पदर सावरून बसली आहेस का, ते बघत होते.