अर्धी कुरडई

रविवार, संध्याकाळ

गणेशचा फोन आला! तेच लिहायला वही उघडली.

पोरगा कामाला आहे त्या आखातातल्या शहरावर बॉम्ब पडले, हे परवा टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून त्याचा फोन बंद. आज सकाळी मी बायकोला म्हणालो, "असल्या दिवसांत कुरडया कशाला?"

"गहू बातमीच्या आधी भिजू घातलाय. तो काय युद्ध संपायची वाट बघतो? आंबून जाईल. चला, सोऱ्या धरा."

बरं झालं धरला. टीव्ही खाली राहिला, आम्ही गच्चीवर. गरम चीक, आणि एकेका वेढ्याला एक रामकृष्णहरी. दहा-बारा कुरडया झाल्यावर छाती हलकी झाली. पाप तर नाही ना हे? तिकडे माणसं मरताहेत आणि मी वेढे गोल येतात का बघतोय. पण हात थांबले असते तर रडलो असतो.

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात चिकाने भरलेले. हिने पदराला बोटं पुसून स्पीकर लावला.

"आबा, मी बराबर आहे. लाइनच न्हवती. काय करून राह्यले?"

"कुरडया." एवढंच निघालं तोंडातून.

"मंग माझ्या ठेवा."

घालत होतो ती कुरडई अर्धीच राहिली होती. मोडून परत चिकात टाकायला गेलो, तर ही ओरडली, "राहू द्या! ती त्याची."

वाळायला अजून दोन दिवस. ती अर्धी कुरडई मी दोनदा वर जाऊन पाहून आलो. आता तिसऱ्यांदा निघालो, तर ही हसते.

"पळून न्हाई जाणार ती."

माहीत आहे. तरी जातोच.