आमच्या खोलीचा राखाडी

आई, चौपन्नाव्या वर्षी मी पुन्हा लग्न केलं, हे तुला आधी सांगते. हसू नकोस. माणूस रेल्वेतून रिटायर झालेला, माझ्यासारखाच एकटा पडलेला. चहा माझ्यापेक्षा बरा करतो. खंडाळ्यात दोन खोल्यांचं घर घेतलंय. निजायच्या खोलीच्या भिंतीवर गेल्या आठवड्यात रंगाऱ्यानं दोन ठिगळं लावून ठेवली. दोन्ही राखाडीच, एकाला निळसर झाक, दुसऱ्याला किंचित तांबूस. म्हणाला, एक थंड दिसतो, एक उबदार, काय ते ठरवून सांगा.

"तुम्हाला कुठला आवडतो?" यांनी विचारलं. मी सवयीनं म्हणाले, "तुम्हाला आवडेल तो." तर हे स्टूल ओढून भिंतीसमोर बसलेच. "मला निळसर आवडलाय. पण मी तुमचं विचारतोय." पहिल्या संसारात पडद्यापासून चपलेपर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. मला काय आवडतं, ते माझं मलाच सांगता येईना.

आणि एकदम कामशेतचा बाजार आठवला. मी आठ-नऊ वर्षांची, परकराच्या कापडासाठी आपण वडिवळ्याहून चालत आलोय. दुकानदारानं दोन कापडं पुढ्यात टाकलीत, मी मान खाली घालून उभी. तू विचारतेस, "तुला कंचं पायजे?" मी म्हणते, "कुटलं बी." तू माझी हनुवटी धरून वर करतेस. "कुटलं बी म्हंजी काय? तोंडानं सांग. न्हाई तर जलमभर दुसऱ्याच्या आवडीचं नेसशील." मागं बायका खोळंबल्यात, तरी तू जागची हलत नाहीस. शेवटी मी फिकट पिवळ्यावर बोट ठेवते. एका दिवसात मळणारं कापड. तुझ्या कपाळाला आठी पडते, पण तू दुकानदाराला म्हणतेस, "हेच फाडा. पोरगी म्हणतीया."

"हा, तांबूस," मी यांना म्हणाले. "इथं धुकं खिडकी सोडत नाही. खोली तरी उबदार हवी." आवाज जरा मोठाच निघाला. यांनी निळसराकडे बघून एक सुस्कारा टाकला आणि रंगाऱ्याला फोन लावला. "उबदारच लावा. घरात ठरलंय, बाईसाहेबांनी ठरवलंय." या वयात लाजले मी, आई.

काल रंग पुरा झाला. दुपारी बाहेर सगळं पांढरं होतं आणि आत आम्ही ओल्या रंगाच्या वासात शेंगा सोलत, उगाच भिंतींकडे बघत बसलो होतो. "बरा दिसतोय," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लय बरा दिसतोय."

तू नाहीस, हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. मला तो निळसरही तितकाच आवडला होता. हे माझं ऐकतात का, तेवढं बघायचं होतं.