पाखरांच्या भाषेतलं नाव

१४ मार्च २०१०

सकाळी सकाळी गाण्यांच्या कंपनीवाल्या गेलूशेठचा फोन. इटलीत कुठलंसं गाणं तुफान चाललंय. ‘होरिया, ऐकलंस का? तसंच पाहिजे. अगदी तसंच! पण वेगळं.’

होरियाने फोन ठेवला आणि शेठची हुबेहूब नक्कल केली. ‘आणि अकॉर्डियन टाक! रुमानियाचं गाणं म्हणजे अकॉर्डियन पाहिजेच!’ किती महिन्यांनी हसलो दोघं. मग तो कंप्युटरसमोर बसला, मी माइकपुढे. आमचा स्टुडिओ म्हणजे आतली खोली. भिंतीला गाद्या ठोकलेल्या. ही खोली दुसऱ्याच कामासाठी ठेवली होती. जाऊ दे.

शब्द नेहमी मागाहून. आधी पाखरांची भाषा— तोंडाला येईल ते बरळायचं आणि चाल बसवायची. इथे सगळेच तसं करतात. चाल गोल गोल फिरणारी होती. ना ओ आ, ना ओ आ, ना ओ आ… जीभ आपोआप वळत होती. आणि मधेच मला ऐकू आलं. ओ-आ-ना.

ओआना!

रडू आलं. पण थांबले नाही. गातच राहिले, गातच राहिले. पुढे चाल संपली तरी गात होते. होरिया पाठमोरा, कानाला हेडफोन. बराच वेळ वळलाच नाही. मग म्हणाला, ‘चांगलं झालं.’ बस! बायको रडत गातेय आणि हा म्हणतो चांगलं झालं.

नोव्हेंबरात सातव्याच महिन्यात आली ती. रडली नाही. नाव आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यानंतर या घरात ते कुणी उच्चारलेलं नाही. होरियाने तर नाहीच.

१५ मार्च

त्याला सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. बटाटे सोलत राहिले.

२७ मार्च

गेलूशेठ घरी आला. अत्तराचा घमघमाट, तंग सदरा, गळ्यात साखळी. बूट न काढता आत. कच्चं गाणं ऐकलं आणि उडालाच. ‘ही कुठली भाषा? पोर्तुगीज?’

‘काही नाही शेठ,’ होरिया म्हणाला. ‘पाखरांची भाषा.’

‘शब्द मी लिहिते,’ मी घाईने म्हटलं. ‘दोन दिवसांत देते.’

‘शब्द? शब्द कशाला, बाई? हेच ठेवा! स्पेनवाल्याला वाटेल इटालियन आहे, इटलीवाल्याला वाटेल ब्राझीलचं आहे. कुणालाच कळत नाही ना, मग सगळ्यांना खपतं!’

मी होरियाकडे बघितलं. मनात म्हटलं, काहीतरी बोल. त्याने मान वर केली नाही. ‘राहू दे ना, सोराना. आहे तसंच राहू दे.’

डोक्यात सणक गेली. शेठसमोर तमाशा नको म्हणून कॉफी करायला उठले.

जाता जाता शेठने माझाही निकाल लावला. ‘आवाज गोड आहे तुझा, पण लग्नात गाणाऱ्या मावशीसारखा. वाईट वाटून घेऊ नकोस हं. चेहरा आणि आवाज दोन्ही मी आणतो.’

वाईट नाही वाटलं. आवाज काढून घेतोय तर घेऊ दे. पण ते नाव!

९ एप्रिल

चेहरा आणि आवाज आला. बकाऊची पेत्रोनेला, वीस वर्षांची. शेठने तिचं ‘केसिया’ केलंय. पोरगी गुणी आहे. आईने पाठवलेली वांग्या-मिरच्यांची झकुस्का घेऊन आली. दहा वेळा विचारलं, ‘ताई, नीट म्हणतेय ना मी?’

नीटच म्हणत होती. माझी नक्कल करत होती, मी कुठे श्वास घेतला तिथेच श्वास घेत होती. म्हणाली, ‘ताई, इथे तुम्ही आवाज कापरा करता तो कसा करायचा हो? माझ्याकडून नाही होत.’

मग विचारते, ‘याचा अर्थ काय, ताई?’

‘काही अर्थ नाही,’ होरिया मधेच म्हणाला. माझ्या आधी!

इतका विसरला?

२२ मे

पितरांचा शनिवार. मातीचं भांडं, त्यात दूधभात, वर चेरी, बाजूला मेणबत्ती. शेजारपाजारच्या बायकांबरोबर रांगेत उभी राहिले. पाद्रीबाबा एकेकाच्या मेलेल्यांची नावं मोठ्याने घेत होते. वासिले, आग्रिपिना, अमक्याचा बाप, तमकीची सासू. दारू पिऊन रेल्वेखाली गेलेल्याचंसुद्धा नाव घेतलं.

माझी पाळी आली. हळूच सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘बाप्तिस्मा झाला होता का?’

‘नव्हता, बाबा.’

‘मग पोरी, तुला नोव्हेंबरातच सांगितलं ना मी. मला नाही घेता येत. घरी बसून प्रार्थना कर.’ माणूस वाईट नाही. डोक्यावर हातही ठेवला. आणि माझ्यामागच्या बाईकडे वळला.

दूधभात कुणालातरी देऊन टाकला. टॅक्सी केली. टॅक्सीत रेडिओ. नाओआ, नाओआ, नाओआ… ड्रायव्हर स्टिअरिंगवर ताल धरून बेसूर ओरडतोय! ‘काय भन्नाट गाणं आहे, नाही का बाई? मला वाटतं ब्राझीलचं आहे.’

देवळात जे नाव निषिद्ध ते टॅक्सीत, अकॉर्डियनच्या साथीने! मी हसायला लागले. हसू थांबेना. ड्रायव्हर घाबरला बिचारा. सगळी वाट हसले आणि जिन्यात बसून रडले.

घरी होरियाने विचारलं, कुठे गेली होतीस? म्हटलं, बाजारात.

१९ जून

गाणं सगळीकडे. शेजाऱ्याच्या फोनमध्ये, दंतवैद्याकडे, बसमध्ये. आज टीव्हीवरच्या जाहिरातीत कोंबडीचं सॉसेज नाचत होतं आणि म्हणत होतं, नाओआ!

टीव्ही बंद केला. होरियाने परत लावला. म्हणे, ‘बघू दे, पूर्ण वाजवतात का.’

४ जुलै

नकला सुरू झाल्या. बल्गेरियात कुणीतरी ‘लाओआ’ काढलंय. तेच अकॉर्डियन, तोच ठोका, पोरगीसुद्धा तशीच! हंगेरीत ‘माओ माओ’. आमच्याच गावातल्या एकाने ‘या-ओ, या-ओ’. शेठ चिडायचं सोडून खूश. ‘नक्कल होते म्हणजे आपण पुढे आहोत!’ हा स्वतः नकलेच्या जिवावर उभा राहिलेला माणूस. याला कसली चीड येणार?

होरिया मात्र पिसाळला. एकेक गाणं लावतो आणि शिव्या घालतो. ‘ना उडवला, बघ! हरामखोरांनी ना-च उडवला!’

त्याला चोरीचं दुःख. मला वाटलं, बरं झालं. ‘ना’ गेला की नाव राहत नाही. अजून थोडे दिवस या लोकांनी ते असंच झिजवलं की माझी पोर सुटेल.

मग वाटलं, काय बोलतेय मी हे.

२५ जुलै, ममाया

समुद्रावर शेठने दुपारचा कार्यक्रम ठेवलाय. यायचं नव्हतं, होरियाने हट्टाने आणलं. वाळूवर माणूसच माणूस. तेल फासलेली अंगं, हातात बियरचे प्लास्टिकचे पेले, कणसं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. पेत्रोनेला नुसते ओठ हलवत होती, बिचारीचा घसा बसलाय.

मग शेठने सगळा आवाज बंद केला आणि ओरडला, ‘आता तुम्ही!’ आणि त्या हजारो माणसांनी हात वर करून माझ्या पोरीचं नाव घेतलं. एकालाही ठाऊक नाही ती कोण ते. कुणाच्या हातात फुगवलेली रबरी मगर, कुणी कुणाच्या खांद्यावर. मला तिथून पळून जायचं होतं. पाय वाळूत रुतले होते.

होरिया मंचाच्या कडेला, डोळे मिटून. ओठ हलत होते. पुढच्या गाण्याचं स्वप्न बघत असेल.

आज पहिल्यांदा मनात आलं, हा माणूस मला नको.

१७ ऑगस्ट

शेठला ‘नाओआ-दोन’ पाहिजे. ‘तुमचीच नक्कल तुम्हीच करा, दुसऱ्याने कशाला करायची!’ हे बोलून स्वतःच खदाखदा हसला म्हणे.

३० ऑगस्ट

होरिया गॅलरीत फोनवर बोलत होता. दार लोटलेलं, तरी ऐकू आलं. शेठचा आवाजच तसा, फोनमधून शेजारच्यांनाही ऐकू जाईल. त्याला आता माझा कच्चा आवाज हवाय. पहिल्या दिवशीचा. सुटा करून, तुकडे पाडून विकायचा! जगातला कुणीही उपटसुंभ पैसे टाकणार आणि आपल्या गाण्यात हवा तिथे डकवणार. एकाला ‘ओ’, एकाला ‘आ’.

होरिया म्हणत होता, ‘हो शेठ. माझ्याकडेच आहे. नाही, दुसरीकडे कुठेच नाही. येतो मी कॉन्स्तान्त्साला, समोरासमोर बोलू.’

आत आला तेव्हा विचारलं, ‘विकणार आहेस?’

‘तू यात पडू नकोस, सोराना. मी बघतो काय करायचं ते.’

‘बघतोस! मार्चपासून बघतोच आहेस! तुला सगळंच विकायचंय. काही शिल्लक ठेवायचंय की नाही?’

तो पिशवी भरायला गेला. पिशवी भरताना सदऱ्याच्या घड्या इतक्या नीट घालत होता! चीड आली ते बघून.

३१ ऑगस्ट

तो गाडीने गेला. मी आतल्या खोलीत गेले.

पहिल्या दिवशीचा तो आवाज एकदा ऐकला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, अकॉर्डियनशिवाय, ठोक्याशिवाय. नुसती मी. शेवटी शेवटी सूरही सुटलाय. ओआना, ओआना, ओआना. नाक ओढल्याचासुद्धा आवाज आहे.

मग पुसून टाकला. कंप्युटरवरचा, काळ्या डिस्कवरचा. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. यंत्राने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की.

आता कुणी तिचे तुकडे करणार नाही. खिडकी उघडली. दुपारी गाढ झोपले. नोव्हेंबरानंतर अशी झोप लागली नव्हती.

२ सप्टेंबर

होरिया आला. शेठला नाही म्हणून आलाय! भांडण झालं, कंपनी सुटली. शेठला म्हणाला, बाकी सगळं घे, तो आवाज मिळणार नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याला जेवायला वाढलं.

३ सप्टेंबर

सकाळी कॉफी घेऊन आतल्या खोलीत गेला, रोजच्यासारखा. मला वाटायचं कामाला बसतो. लगेच बाहेर आला. ‘सोराना, तो आवाज कुठेय?’ सांगितलं. तो खाली फरशीवरच बसला. म्हणाला, ‘पहिल्या दिवशीच ऐकलं होतं मी. वाटलं, पाद्री तिचं नाव घेत नाही, म्हणून तू ते माझ्याकडे दिलंस. लोकांकडून वदवून घ्यायला. आणि तुझ्या तोंडचं रोज सकाळी मी एकटा ऐकायचो.’ मी म्हटलं, पुन्हा गाते, आत्ता गाते! त्याने मान हलवली. ‘आता तुला माहितीये मी ऐकतोय ते. तेव्हा तू फक्त तिला हाक मारत होतीस.’