आय गाळायची ती ओळ

आय,

आज सकाळी दादाने पेज सांडली आणि मी त्याच्या हातातली वाटी हिसकावून घेतली. एवढंच झालं. मारलं नाही, ओरडलेसुद्धा नाही. पण वाटी घ्यायला माझा हात पुढे गेला तेव्हा त्याने आपला चांगला हात चटकन तोंडापुढे धरला. तुझा थोरला मुलगा, एके काळी नारळावर सरसर चढणारा, सत्तरीच्या पुढचा माणूस, सख्ख्या धाकट्या बहिणीचा मार चुकवायला बघत होता. मी वाटी मोरीत ठेवली, फडकं आणलं, फरशी पुसली, त्याचा सदरा बदलला. सगळं नीट केलं. तो मान खाली घालून बसला होता आणि मी मनात म्हणत होते, याला कुठून कळलं? कारण हात उगारायचं माझ्या मनात होतं, आय. एक क्षणभर होतं.

तू गेल्यानंतरचं तुला कुठे ठाऊक असणार. वहिनी गेली, पुढच्याच वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. त्याचा मुलगा नालासोपाऱ्याला दोन खोल्यांत राहतो, नवरा-बायको दोघंही नोकरीवर. मी शाळेतून निवृत्त, नवरा नाही, मुलगी परदेशात, नंदाखाल गावातल्या या घरात एकटी. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोणी काही विचारायच्या आत मीच म्हटलं, आणा त्याला इकडे. तेव्हापासून चर्चमध्ये बायका माझा हात हातात घेऊन म्हणतात, बाई, तुमच्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवते. घरी येऊन दार लोटते आणि त्याच भाग्यवानाला दात-ओठ खात आंघोळ घालते. बाहेर देव्हारा, आत शिमगा, असं म्हणायला हवं. फक्त माझा शिमगा मुका आहे. मी बोंब मारत नाही. मी भांडी आपटते, टॉवेल जरा जोरात फिरवते, त्याने तिसऱ्यांदा हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करते.

मी फार थकले आहे. पाठ दुखते, झोप अर्धीमुर्धी होते, हे आहेच. पण माणूस कामाने एवढा थकत नाही. राग धरून ठेवायलाच जास्त ताकद लागते.

राग पेजेचा नाही, हे तुला सांगायला नको. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा दादाने मला बोलावलं नाही. तुमच्या घरून मला विरारला निरोप धाडायला कितीसा वेळ लागला असता? ‘तिच्या शाळेत परीक्षा चालल्यात, कशाला त्रास,’ असं तो म्हणाला म्हणे. मी आले तेव्हा तू गेली होतीस, तुझ्या हातात क्रूस देऊन झाला होता. मी तेव्हा काही बोलले नाही. तेराव्या दिवसासारखं आपल्यात काही नसतं, पण चर्चमध्ये सातव्या दिवसाचा मिस्सा झाला, लोक जेवले, गेले, मी भांडी विसळली आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे प्रत्येक पापनिवेदनात मी फादरांना ‘रागावले’ एवढंच सांगत आले. कोणावर, कधीपासून, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया म्हणायला सांगायचे, मी म्हणून मोकळी व्हायचे.

तुझं तसं नव्हतं. तुळींजच्या बाजारात तुझ्या शेजारी पालेभाजी घेऊन बसणारी ती बाई आठवते? तिने गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की तुझी भाजी गटाराच्या पाण्यात धुतलेली असते. तू भरली टोपली परत घेऊन आलीस. कोणाला काही बोलली नाहीस, चूल पेटवलीस, संध्याकाळची घंटा झाली तशी आम्हाला रोझरीला गुडघ्यांवर बसवलंस. प्रार्थना नेहमी तूच सांगायचीस. पण प्रभूच्या प्रार्थनेत जिथे आपण देवाला सांगतो की आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तिथे तुझं तोंड मिटलं. आम्ही पोरं आपल्या नादात पुढे म्हणत गेलो आणि मग आमच्या लक्षात आलं की तुझा आवाजच नाही. पुढच्या ओळीला तो परत आला. प्रत्येक वेळी तसंच. रोझरी संपल्यावर मी म्हटलं, “आय, तू एक ओळ चुकलीस.” तू माळ डबीत ठेवत म्हणालीस, “चुकले नाय. देवासमोर खोटं बोलू का?”

कितीतरी आठवडे चाललं ते. अख्खा उपवासकाळ तसाच गेला. एकदा दादानेही त्या ओळीला तोंड मिटून घेतलं, तुझी नक्कल म्हणून, तर तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास. “माझा राग माझा हाय. तुना काय झालं? तू म्हन.” आम्ही हसू दाबत कसेबसे गुडघ्यांवर बसून राहिलो. तू हसली नाहीस.

मग एका संध्याकाळी तू ती ओळ म्हटलीस. हळू, पण म्हटलीस. मी तुझ्या मागेमागे चुलीपाशी आले आणि विचारलं, ती बाई माफी मागायला आली होती का? तू तांदूळ धुवत होतीस. म्हणालीस, “ती कशाला येते? तिच्या पोराला ताप होता, डाक्टरकडे पलाली. मना म्हनली, टोपलीवर लक्ष ठेव. तिची मेथी मीच विकली.” मग तांदळाचं पाणी ओतून टाकत म्हणालीस, “एकदा मनात आलं, सांगावं गिऱ्हाइकाला, शिली हाय म्हनून. नाय सांगितलं.” मी विचारलं, “म्हणजे राग गेला?” तर तू म्हणालीस, “राग कुठं जाते? हाय इथंच. पन आता ओल म्हनता येते.”

मी शाळेत इतकी वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं, राग आवरा, शील जपा, प्रभूकडे पाहा. फळ्यावर सुवाच्य अक्षरात. तुझ्या त्या मेथीच्या टोपलीबद्दल मात्र कधी कोणाला सांगितलं नाही. मला वाटायचं ती बाजारातली गोष्ट आहे, धड्यात कशी बसणार. आता कळतं, तुझा राग सगळ्या घराला माहीत होता, म्हणून तो कोणाच्या अंगावर आला नाही. माझा राग कोणालाच माहीत नाही. आणि त्या ओळीला मी कधीच थांबले नाही. रोज खणखणीत आवाजात म्हणते.

मागच्या आठवड्यात वृद्धाश्रमाच्या सिस्टरांचा फोन आला होता. पुरुषांच्या बाजूला एक जागा रिकामी झाली आहे, आजपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देऊ. माझं जवळजवळ ठरलं होतं. तिथे त्याची नीट देखभाल होईल, डॉक्टर येतात, बोलायला माणसं आहेत. सगळं खरं आहे. पण सकाळी त्याचा तो वर गेलेला हात पाहिला आणि वाटलं, आता पाठवलं तर तो हाच समज घेऊन जाईल, बहिणीने मारायच्या आत घालवलं.

दुपारी भात भरवताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, “रा... रागावली?” हे तो नेहमी विचारतो. मी नेहमी ‘नाही रे’ म्हणते. आज म्हटलं, “हो. पेजेवरून नाही. आय गेली तेव्हा तू मला बोलावलं नाहीस, म्हणून. तेव्हापासून रागावलेय.”

त्याने घास चावून गिळला. मग म्हणाला, “ठावं हाय.” मला वाटलं संपलं. पण त्याचे ओठ हलत होते, पुढचे शब्द जुळत नव्हते. मी थांबले. शेवटी ते आले. “मना पन... माझा राग येते.”

आय, या एका वाक्यासाठी मी अर्धं आयुष्य वाट पाहिली असेल. मला वाटायचं, तो चुकलो म्हणाला की मी रडेन, मोकळी होईन. तसं काही झालं नाही. रडला तो. मी त्याचं तोंड पुसलं आणि उरलेला भात भरवला. राग आहे तिथेच आहे. पण आता खोलीत तो आम्हा दोघांना ठाऊक आहे, आणि टॉवेल हळू फिरला.

मग मी दोन फोन केले. पहिला त्याच्या मुलाला. म्हटलं, मला एकटीला झेपत नाही, शनिवार-रविवार तुझ्या बाबांना तुझ्याकडे ने. मला वाटलं, सबबी सांगेल. तो म्हणाला, “आत्या, तू कधी बोललीच नाहीस ना! आम्हाला वाटलं, तुला मध्ये कोणी आलेलं नको. टेन्शन नको घेऊ, शनिवारी रिक्षा घेऊन येतो.” चांगलेपणाचा मान एकटीनेच घ्यायची माझी हौस, दुसरं काय.

दुसरा फोन सिस्टरांना. जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, “बाई, केवढं तुमचं मन! देव तुम्हाला आशीर्वाद देवो.” मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. खरं त्यांना सांगायला हवं होतं. मी त्याला मायेने ठेवून घेतलेलं नाही, निदान आज तरी नाही. तो गेला असता तर या घरात मी आणि माझा राग एवढेच उरलो असतो, आणि मला त्याची भीती वाटली.

तो आत झोपलाय. तो उठायच्या आत हा कागद फाडून टाकते. दादाला धड बोलता येत नसलं, तरी वाचता येतं.