एसीची उघडी झडप

पुलगाव, रविवार, संध्याकाळ

एसीची जाळी धुवायचा आज माझा दिवस. समोरचं झाकण काढलं, तर जाळी आधीच धुतलेली. कोपऱ्यात अजून ओल होती. घरात आम्ही दोघंच, म्हणजे यांनीच धुतली. तीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप न विसळलेल्या माणसाने.

"तुम्ही काऊन धुतली?" मी विचारलं.

"तुले मदत म्हून," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

बरं, मदत. पण मग झडप कशी उघडी? खोलीतली हवा बाहेर टाकायची ती बारकी झडप मी कायम बंद ठेवते, नाहीतर थंडावा निघून जातो. बायपासनंतर यांना उकाडा सोसत नाही, म्हणून तर कूलर काढून खिडकीत एसी बसवला. आणि ऐन मे महिन्यात हेच थंड हवा बाहेर सोडणार? त्या झडपेचा खटका कुठे असतो, हे तरी यांना कधीपासून ठाऊक?

मी उगाच संशय घेते का? असेलही.

दुपारचं जेवण झाल्यावर यांनी खोलीचं दार लावून घेतलं. "घंटाभर पडतो. उठवू नको मले."

मी मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरड्या उचलायला गेले आणि एसीच्या पाठीशी थांबले. गरम झोत थेट तोंडावर आला. त्यात बिडीचा वास.

दवाखान्यात माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती.

झडप उघडली की वास बाहेर जातो, हे यांचं बरोबर आहे. बाहेर मी उभी होते.