बाबांचा घामट्या

३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, जेवते, स्वेटर घालते. आता पुढचं ऐक. आपल्या जुन्या क्वार्टरचं छप्पर उडालंय, पण बाबा ज्यावर चढायचे तो टेलिफोनचा खांब अजून उभा आहे. त्याला हात लावला आणि डोळे भरून आले.

घामट्या मात्र कुठेच नाही. कुजकी केळी ठेवली, मिठाचं पाणी शिंपडलं, सगळं करून झालं. आमच्या पाहणीचे साहेब म्हणतात, हे फुलपाखरू संपलं, तसं अहवालात लिहून टाकू. महिनाअखेरीला जीप आम्हाला खाली नेईल. हे रान राखायचं की तोडायचं, ते घामट्या सापडतो की नाही, त्याच्यावरच ठरणार आहे. तो बाबांच्या खांद्यावर बसायचा, एवढंच मला आठवतं. तुला काही आठवतंय का?

लोभ आहेच, पत्राला उशीर नसावा.
तुझी भिंगरी

१० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

न आठवायला काय झालं? हे खांबावरून उतरले की दोरीवर शर्ट टाकायचे, आणि तो मेला मातकट रंगाचा घामट्या कॉलरवर हजर! पंख उघडले की आतून जांभळा. हे मला तो शर्ट धुऊ देत नसत. म्हणायचे, पाहुण्याचं जेवण होऊ दे. तुझ्या घामावर यायचा नाही, कामाच्या नावानं तुझी लहानपणापासून बोंब!

सोबत ह्यांचा शर्ट पाठवते आहे. गेल्या वर्षी, जायच्या आदल्या दिवशी, बाग खणून आले आणि खुंटीला अडकवला, तोच. बाकीचे कपडे वाटून टाकले, हा राहिला. अधूनमधून त्यात नाक खुपसते. हसू नकोस. धुऊ नकोस, काम झालं की तसाच परत पाठव.

जिवाला जप.
आई

२१ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आला, आई, आला! दोन दिवस शर्ट कोरडाच टाकला, तर कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मन घट्ट करून पाणी शिंपडलं. ऊन पडलं आणि कॉलरवर एक उतरला, दुपारपर्यंत चार. साहेबच धावत जाऊन कॅमेरा घेऊन आले. फोटो गेले, आता रानाला कुणी हात लावत नाही.

पण शर्टाचा वास गेला. नाक खुपसून पाहिलं, नुसतं ओलं कापड. तिथेच बसून रडले.

हे पिणारे सगळे नर असतात. मीठ मादीला देतात, मग ते अंड्यांत, पिल्लांत उतरतं. अजून रोज येतात. आहे तेवढा तरी शर्ट काढून ठेवू का?

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
भिंगरी

२६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेडे, रडतेस काय? दोरीवरच्या ओल्या शर्टाचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं? कळूनसवरूनच पाठवला. शिवाय वास इथेही उतरत चालला होता. हल्ली मी आठवणीनंच हुंगत होते.

शर्ट काढू नकोस, जीप निघाली तरी तिथेच राहू दे. पोरांसाठी नेतात म्हणतेस ना, मग खुशाल नेऊ देत. ह्यांनी तरी तो घाम दुसऱ्या कुणासाठी गाळला होता?

तू तेवढी लवकर परत ये.
आई